उजेडाला लावलेली तीट

कंधार तालुक्यातल्या मंजुळाबाईला उपकार मानायची भारी खोड. एसटीतून उतरली की आधी कंडक्टरचे आभार मानी, मग ड्रायव्हरचे, मग गाडीच्या पुढच्या चाकाला हात लावून पाया पडे, आणि मागच्या चाकाला वाईट वाटू नये म्हणून वळसा घालून तिकडंही जाई. तोवर ड्रायव्हर चहा पिऊन, पान जमवून, कुणाच्या तरी सोयरिकीची बोलणी उरकून परत आलेला असे. गावात असंही सांगतात, की एकदा ती विहिरीच्या काठावर बसून उपकार मानायला लागली, तर विहीर इतकी संकोचली की पाणी पुरुषभर वर आलं. त्यातलं पाणी किती खरं ते विहिरीलाच विचारावं. बाईची खोड मात्र सोळा आणे खरी.

बरं, उपकार मानून ती थांबते थोडीच! ज्याच्यानं आपलं भलं झालं त्याला कुणाची नजर लागू नये, ही काळजीही तिचीच. मग आपल्या डोळ्यातलं काजळ करंगळीवर घ्यायचं आणि तीट लावायची. ट्रॅक्टरला तीट, बोअरच्या मोटारीला तीट, मिक्सरच्या भांड्याला तीट. गावात मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि पुण्यातल्या भावाचा आवाज घरबसल्या स्वच्छ ऐकू आला, तेव्हा ती सरपंचाकडं शिडी मागायला गेली होती. सरपंचानं शिडी दिली नाही. त्या टॉवरला आजही अधूनमधून रेंज नसते, त्याचं कारण गावातल्या बायकांना पक्कं ठाऊक आहे.

तर अशा मंजुळाबाईची सून तनुजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, रेणापूरला गेली होती. सातवा महिना सरतो न सरतो तोच तिचा रक्तदाब चढला. पाय सुजले, डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. माहेरच्यांनी तिला तशीच उचलून लातूरच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढलं. मुलगी. वजनाला किलोभरसुद्धा नाही. बापाच्या तळहातावर ठेवली असती तर शेजारी आणखी एक मावली असती.

फोन आला तसा मंजुळाबाईच्या पोरानं, सत्यमनं, शेजाऱ्याची जीप काढली. मंजुळाबाई नेसत्या लुगड्यानिशी आत बसली. नवरा देविदास जनावरांपाशी थांबला. जीप अशी पळाली म्हणतात, की तिच्यामागं उठलेली धूळ अहमदपूरच्या फाट्यावर अजून खाली बसायची आहे.

दवाखान्याच्या दारात विहीण उभीच होती. कस्तुराबाई, तनुजाची आई. या दोघींचं लग्नापासून जमत नव्हतं. लग्नातलं रेणापूरचं वरण इतकं पातळ होतं, की पातेल्याच्या तळावरचं दुकानदाराचं नाव वाचता येत होतं, असं मंजुळाबाई चारचौघांत बोलली होती. आणि ते वाचायला कंधारकडचं एक तरी माणूस शाळेत गेलेलं होतं का, असं कस्तुराबाईनं चारचौघांतच विचारलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी फार आदरानं बोलत. असा आदर, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

"या विहीणबाई," कस्तुराबाई म्हणाली. "लवकर आलात. मला वाटलं, वाटंत समद्या फाट्यांचे उपकार मानून मग येता का काय."

"पोरगी कशी हाय ते सांगा आधी," मंजुळाबाई म्हणाली.

कस्तुराबाईचे डोळे भरून आले, आणि त्या क्षणापुरतं वरण दोघींच्याही ध्यानातून गेलं.

पोरगी म्हणजे तनुजा खालच्या मजल्यावर होती. रक्तदाब उतरत होता, पण तिला उठायची परवानगी नव्हती. आणि तिची पोरगी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत होती. इवलंसं नाक, नाकात नळी, डोक्याला लोकरीची टोपी. आणि टोपीच्या खाली, कपाळावर, एक मऊ पट्टी चिकटवलेली. त्या पट्टीतून बारीक तांबडा उजेड येत होता. पट्टीची तार एका मशीनला जोडलेली आणि मशीनवर एक आकडा हलत होता. थोडा वर, थोडा खाली, झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा.

"हे काय लावलंय लेकराच्या कपाळाला?" मंजुळाबाईनं विचारलं.

तिथल्या डॉक्टर शिल्पा मॅडम वयानं लहानच होत्या, पण घाईत असतानाही न घाई करता बोलायची कला त्यांना साधलेली होती. त्या म्हणाल्या, "आजी, कमी दिवसांच्या बाळाच्या डोक्यातल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. डोक्याला रक्त कमी गेलं तरी धोका, एकदम जास्त गेलं तरी धोका. म्हणून सारखी नजर ठेवावी लागते. हा उजेड कपाळातून आत जातो, आतल्या रक्ताला भेटून परत येतो. किती आणि कसा परत आला, त्यावरून मशीन सांगते की मेंदूला प्राणवायू नीट पोचतोय का."

"उजेड हाडातून कसा जातोय मॅडम?"

सत्यमनं मोबाइलची बॅटरी लावली आणि आपलं बोट तिच्यावर धरलं. बोट आतून निखाऱ्यासारखं लाल झालं.

"असा जातोय आई."

"आणि सुई?"

"सुई नाही, टोचणं नाही, रक्त काढणं नाही," मॅडम म्हणाल्या. "बाळाला कळतसुद्धा नाही."

मंजुळाबाईनं तिथल्या तिथं पदर कपाळाला लावला. आयुष्यात तिनं चाकांना हात जोडले, विहिरींना हात जोडले, पण न टोचता लेकराच्या डोक्यात डोकावून त्याची खुशाली सांगणारं असलं काही तिनं पाहिलं नव्हतं. तिनं मशीनचे उपकार मानले. मग मॅडमचे मानले. मग ज्यानं कुणी ही मशीन काढली त्याच्या आईचे मानले. मग विजेचे. विजेचे मानताना भारनियमनवाल्यांना मात्र तिनं मुद्दाम वगळलं.

कस्तुराबाईनं मधेच विचारलं, "मॅडम, टाळू कवा भरायची? मी घरचं तेल आणलंय वाटीत."

"तेल राहू द्या. टाळू इतक्यात भरायची नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "ती आमची खिडकी आहे. तिथं हाड नसतं, म्हणून तिथूनच आम्ही सोनोग्राफी करून आतलं बघतो."

नियम सांगायचं काम अयोध्या सिस्टरचं. ती मूळची भोकरची, म्हणजे कंधारसारखीच नांदेड जिल्ह्यातली, त्यामुळं मंजुळाबाईला ती मनातल्या मनात आपल्या बाजूची वाटली. पण सिस्टर कुणाच्याच बाजूची नव्हती. तिनं दोघी आज्ज्यांना समोर उभं केलं आणि सुनावलं, "बाळाला तेल नाही. बाळाला काजळ नाही, तीट नाही. अंगारा नाही, पावडर नाही. कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच आत यायचं. आणि आईला येता येईस्तोवर तुम्ही दोघींनी पाळीपाळीनं बाळाला छातीशी घ्यायचं."

"छातीशी?"

"कांगारू म्हणतात त्याला. उघड्या छातीवर बाळ ठेवायचं, वरून कापड बांधायचं. माणसाच्या उबेनं असली बाळं शांत राहतात, वजन धरतात."

कांगारू हा प्राणी कंधार तालुक्यात आजवर कुणाच्या पाहण्यात नाही. देविदासनं मात्र फोनवर हे ऐकलं आणि लगेच सांगून टाकलं, की आपल्या आज्यानं मन्याड नदीच्या काठाला एक पाहिला होता, आणि त्याच्या पोटाच्या पिशवीत पंचायतीचे कागद होते.

मंजुळाबाई पहिल्यांदा बाळाला घेऊन बसली तेव्हा तिला वाटलं, चिमणीच उरावर येऊन बसली. हलायची भीती, श्वास घ्यायची भीती. पण थोड्या वेळानं ते इवलंसं काळीज तिच्या काळजाला लागून टकटक करायला लागलं आणि मशीनवरचा आकडा जरा वर सरकून थिरावला. तेव्हापासून ती पाळीची अशी वाट बघायला लागली, की कस्तुराबाई उठायच्या आधीच ती हात धुऊन, गाऊन चढवून तयार.

"विहीणबाई, माझी पाळी संपू द्या की," कस्तुराबाई म्हणे.

"संपू द्या. मी उगं उभी हाय."

"उभ्या न्हाई राहिलात. माझ्या डोक्यावर येऊन राहिलात."

असे दिवस चालले होते. बाळ सावरत होतं. तनुजा खाली सावरत होती. मंजुळाबाईला मात्र आता नवीच काळजी लागली. त्या मोठ्या खोलीत पेट्या पुष्कळ, पण कपाळाला उजेड लावायची मशीन एकच. जो येई तो आपलं बाळ बघून झालं की या मशीनपाशी घुटमळे. एकदा दुपारी उदगीरकडची सिद्धम्मा, तिचाही नातू तिथंच होता, कमरेवर हात ठेवून मशीनसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अय्यय्यो! काय मशीन हाय वो! एक डाव बंद न्हाई, एक डाव चूक न्हाई. असली चीज मी जल्मात न्हाई बघितली."

मंजुळाबाईनं मनातल्या मनात मशीनवरून मीठमोहऱ्या उतरवल्या. सिद्धम्मा मनानं निर्मळ होती, तिला काही म्हणायचं नव्हतं. पण नजर काही माणसाला विचारून लागत नाही. इतक्या जणांनी इतकं कौतुक केलेली वस्तू, आणि तिला संरक्षण काय? तर काही नाही. एवढी मोलाची मशीन, आणि गावाकडच्या मिक्सरपेक्षाही उघडी!

त्याच दुपारी तिची पाळी आली. ती हात धुऊन, गाऊन घालून खुर्चीवर टेकून बसली. बाळ तिच्या उरावर ठेवण्याआधी अयोध्या सिस्टरनं कपाळावरची पट्टी हळूच सोडवली. एकाच जागी राहिली तर ती कोवळी कातडी दुखावते म्हणून ती अधूनमधून डावीकडून उजवीकडं हलवावी लागे. सिस्टरनं बाळ मंजुळाबाईच्या छातीवर ठेवलं, कापड बांधलं, आणि पट्टी शेजारच्या स्वच्छ कापडावर उलटी ठेवली. तेवढ्यात पलीकडच्या पेटीतलं बाळ रडायला लागलं.

"एक मिनिट हं आजी," म्हणत सिस्टर तिकडं गेली.

पट्टी मंजुळाबाईच्या हाताशी होती. तिनं पहिल्यांदाच तिची आतली बाजू पाहिली. एका टोकाला तो तांबडा दिवा. दुसऱ्या टोकाला एक काळी काच, मसुराच्या दाण्याएवढी, तिच्यात उजेडबिजेड काही नाही.

बाळाला लावायचं नाही असं बजावलेलं होतं, आणि बाळाला ती काही लावणार नव्हतीच. मशीनला लावू नका असं कुणीच म्हटलं नव्हतं. मंजुळाबाईनं नियम मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिला, त्यात मशीन कुठं सापडते का बघितलं. सापडली नाही. तिनं करंगळी डोळ्याच्या कडेवरून फिरवली. दिव्यावर नको, दिवा झाकला जाईल, एवढं तिला कळत होतं. म्हणून तिनं शहाणपणानं शेजारची रिकामी काच निवडली आणि तिथं तीट टेकवली. काळ्यावर काळं, दिसायचा प्रश्नच नाही.

'बाई गं, तुझे उपकार हायेत,' ती मनात मशीनला म्हणाली. 'कुणाची नजर लागू देऊ नको सोताला.'

सिस्टर परत आली. पट्टी उचलली, बाळाच्या कपाळाच्या उजव्या बाजूला अलगद चिकटवली, टोपी नीट केली. मशीनवरचा आकडा थोडा चाचपडला. मग उतरायला लागला.

आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग मशीननं आवाज दिला. सिस्टरनं पट्टी दाबून पाहिली, सोडून पुन्हा लावली. आकडा आणखी उतरला. मशीन आता सारखी ओरडायला लागली. सिस्टरनं मॅडमना हाक मारली आणि बाळाला मंजुळाबाईच्या छातीवरून उचलून पेटीत ठेवलं. काचेपलीकडं उभी असलेली कस्तुराबाई पळत हात धुऊन आत आली.

"काय झालं? काय झालं लेकराला?"

शिल्पा मॅडमनी बाळाची नाडी पाहिली, रंग पाहिला, रक्तदाब पाहिला. "बाकी सगळं ठीक दिसतंय," त्या म्हणाल्या, पण कपाळावरची आठी गेली नाही. "पट्टी बिघडली असेल. दुसरी मागवा. सोनोग्राफीची मशीन कुठंय?"

"खालच्या मजल्यावर मॅडम, ऑपरेशन थिएटरात. आणायला वेळ लागेल. नवी पट्टी स्टोअरमधून आणायला पाठवते."

मॅडम क्षणभर आकड्याकडं बघत राहिल्या. "हा आकडा खरा असला तर एवढी वाट बघता येणार नाही. मेंदूला कमी जातंय. रक्तदाबाचं औषध भरून ठेवा."

"त्या औषधानं बरं वाटंल ना?" कस्तुराबाईनं विचारलं.

"गरज असली तर वाटेल आजी. गरज नसताना दिलं तर एकदम जोरानं रक्त जाईल, आणि त्या कोवळ्या नसा..." मॅडमनी वाक्य तिथंच सोडलं. सिस्टरच्या हातात सिरिंज भरली जात होती.

"मॅडम," सिस्टर मशीनकडं बघत म्हणाली, "उजेड जातोय बरोबर. पण परत येणाराच फार कमी दाखवतेय. त्या दुसऱ्या काचेतून तिला दिसतच नाही जणू."

दुसरी काच.

मंजुळाबाईच्या कानात तेवढे दोनच शब्द राहिले. म्हणजे ती रिकामी काच रिकामी नव्हती. दिवा नुसता उजेड पाडत होता, बघत होती ती काळी काच. आणि मंजुळाबाईनं तिच्या बुबुळावरच काजळ फासलं होतं.

बोलावं तर काय होईल ते तिला लख्ख दिसत होतं. सिस्टर बाहेर काढणार. पुन्हा या खोलीत पाऊल नाही, पुन्हा ती टकटक उराशी नाही. आणि विहीण शेजारीच उभी! वरणाचा बदला सात पिढ्या पुरेल एवढा एकाच फटक्यात मिळणार होता तिला. न बोलावं, तर नवी पट्टी येईलच की. येईल आणि सगळं आपोआप मिटेल, कुणाला कळणारही नाही.

पण सिरिंज भरून झाली होती, आणि पट्टी यायची होती.

"थांबा!" मंजुळाबाई ओरडली. ती अशी ओरडली, की म्हणतात मशीनसुद्धा दचकून क्षणभर गप झाली. "मॅडम, ते औषध देऊ नका. त्या काचेला मी तीट लावलीया."

मॅडमना काही उमजेना. "काय लावलं?"

"तीट. काजळ. डोळ्यातलं. समदे बघून राहिले व्हते मशीनकडं. म्हणलं, नजर लागंल. लेकराला न्हाई लावलं मॅडम, शपथ. मशीनला लावलं."

मॅडमनी पट्टी सोडवली, उलटी केली, दिव्याखाली तिरकी धरली. काळ्या काचेवर तिळाएवढा डाग तेलकट चमकला. सिस्टरनं सिरिंज खाली ठेवली. त्या ठेवण्याचा जो बारीकसा आवाज झाला, तो मंजुळाबाईला ढगांच्या गडगडाटासारखा वाटला.

"आजी!" सिस्टर म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं अंगारे पकडले होते, ताईत पकडले होते, लंगोटात लपवलेली लसूण पकडली होती. मशीनला तीट तिलाही नवी होती.

मंजुळाबाई खाली मान घालून उभी राहिली, आता विहिणीचा वार येणार म्हणून. आणि विहीण बोललीच.

"मॅडम, ते काजळ माझं हाय."

मंजुळाबाईनं मान वर केली.

"ह्या नेसत्या लुगड्यानं आल्या कंधारहून. मीच दिली माझी डबी," कस्तुराबाई म्हणाली. "आणि खरं सांगू का? सिद्धम्मा तशी बोलली तेव्हा माझ्याबी मनात आलंच व्हतं. ह्यांचा हात आधी पोचला, एवढंच. बोलायचं तर दोघींला बोला."

तेवढ्यात नवी पट्टी आली. कपाळ पुसून ती लावली, आणि आकडा चाचपडत, अडखळत वर चढला. आपल्या जुन्या जागी येऊन तो असा शांत बसला, जणू काही झालंच नव्हतं. मशीन गप झाली. कस्तुराबाई भिंतीला टेकून खालीच बसली.

सोनोग्राफीची मशीनही मागून आलीच. मॅडम म्हणाल्या, "आली आहे तर खात्री करूनच घेऊ." त्यांनी टोपी सारली, टाळूवर थोडी कोमट जेली टेकवली आणि त्यावर एक छोटं यंत्र धरलं. पडद्यावर करडं-काळं काहीतरी हललं, त्यात लाल-निळ्या रेघा उमटल्या. मग मॅडमनी एक बटण दाबलं आणि आवाज आला.

शूं... शूं... शूं...

"हे तिच्या मेंदूकडं जाणारं रक्त," मॅडम म्हणाल्या. "छान चाललंय."

दोघी आज्ज्या ऐकत राहिल्या. मोटार चालू केल्यावर पाण्याचा पहिला लोंढा पाटातून पुढं सरकतो, मातीला भिजवत, वाट काढत, तसा तो आवाज होता. एवढीशी पोर आणि तिच्या डोक्यात केवढं शिवार भिजत होतं! मंजुळाबाईला खरंतर इथं उपकार मानायचे होते, पण कुणापासून सुरुवात करावी तेच कळेना. तिचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून एकही शब्द निघाला नाही. तिच्या ओळखीतलं कुणी तिथं असतं तर त्यानं आधी तिच्याचसाठी डॉक्टर बोलावला असता.

टोपी परत बसवून झाल्यावर मॅडम तिच्याकडं वळल्या. "आजी, तुम्ही केलं ते फार धोक्याचं होतं. काजळातून जंतू गेले असते तर ते वेगळंच. हे लक्षात आलं ना?"

"आलं मॅडम."

"पण तुम्ही बोललात. न बोलता राहिला असता तर मी ते औषध सुरू केलं असतं. त्याबद्दल मी तुमची आभारी आहे."

मंजुळाबाईला आजवर असं कुणी म्हटलं नव्हतं. उपकार मानणं तिला ठाऊक होतं, मानून घ्यायचे कसे ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती कावरीबावरी होऊन सिस्टरकडं बघायला लागली.

"माझ्याकडं काय बघता?" सिस्टर म्हणाली. "आज तुम्हाला पाळी नाही. उद्याचं मॅडम ठरवतील. आधी जाऊन तोंड धुवा, साबणानं. डोळ्यात कण राहता कामा नये."

मंजुळाबाई बाहेर आली आणि तिनं डोळे चोळचोळून धुतले. मग ती खाली तनुजाकडं गेली. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, असा विचार करून तिनं घडलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं. सुनेचा चेहरा आधी पांढरा पडला. पोर बरी आहे ना, हे तिनं फिरून फिरून विचारलं. मग 'मशीनला तीट' हे तिच्या डोक्यात नीट शिरलं आणि ऑपरेशनचे टाके दोन्ही हातांनी धरून ती हसायला लागली.

"आत्याबाई, नका ना... दुखतंय," ती म्हणत होती आणि हसत होती. बाळंत झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"तुझी आई माझ्याकडून बोलली गं," मंजुळाबाई हळूच म्हणाली. "माझी बाजू घेतली तिनं."

"आईनं? तुमची?" तनुजाचं हसू थांबलं. "मग खरंच मोठं काहीतरी झालं असणार."

त्या दिवशी कस्तुराबाईनं दोन्ही पाळ्या केल्या. मंजुळाबाई काचेबाहेर उभी होती. आत खुर्चीत टेकून बसलेल्या विहिणीची कंबर धरलेली तिला दिसत होती. कस्तुराबाई मधेच तोंड वेडंवाकडं करी, पण उरावरच्या पोरीला धक्का लागू देत नव्हती. एकदा तिनं मंजुळाबाईकडं पाहिलं, कापडाची कड जराशी उचलली आणि बाळाचं बोटभर पाऊल काचेच्या दिशेनं दाखवलं. मंजुळाबाईनं काचेला हात लावला आणि सिस्टरनं आतूनच डोळे वटारले तसा झटकन काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम फेरीला आल्या. मंजुळाबाई दारापाशी कधीची उभी. डोळे धुऊन धुऊन लाल झालेले, हात कोपरापर्यंत स्वच्छ, केस घट्ट बांधलेले. मॅडमनी तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "जा."

"मॅडम, लई उपकार..."

"ते नंतर. तुमच्या विहीणबाई अवघडल्यात तिथं."

बाळ एकीच्या छातीवरून दुसरीच्या छातीवर द्यायचं म्हणजे नाजूक काम. गार वारा लागता कामा नये. म्हणून दोघी अगदी जवळ आल्या, एकीचं कपाळ दुसरीच्या कपाळाला लागेल इतक्या. सिस्टरनं तार सांभाळली. पोरगी रेणापूरच्या उबेतून कंधारच्या उबेत सरकली. तिनं एकदा ओठ हलवले आणि परत झोपली. मशीनवरचा आकडा होता तिथंच होता.

मंजुळाबाईच्या ओठांपर्यंत आलेलं ती कालपासून गिळत होती. बसच्या चाकाला म्हणताना जीभ कधी अडखळली नव्हती. आता मात्र तिनं आधी कापडाची कड उगाच सारखी केली.

"विहीणबाई," ती म्हणाली. "उपकार झाले तुमचे."

कस्तुराबाई कंबर धरून उठत होती, ती तशीच अर्ध्यात थांबली. मग तिनं नेहमीचा रस्ता धरला.

"नीट धरा आधी. मान वर घ्या तिची. नांदेडकडं लेकरू धरायची रीत न्हाई वाटतं."

"हाय की रीत. पर हे लातूरचं लेकरू हाय, लई वळवळ करतंय."

"अर्धी कंधारची हाय ती."

"कुठली अर्धी?"

"वळवळती ती."

मंजुळाबाईला हसू आलं. ते दाबायला गेली तशी छाती गदगदली आणि उरावरची पोरगीही तिच्याबरोबर हलली. कस्तुराबाईनं पदर तोंडात कोंबला.

"आज्ज्यांनो," मशीनकडं बघत सिस्टर म्हणाली, "हसा. तिला चालतंय. पण हळू."

मंजुळाबाईनं मान डोलावली. कस्तुराबाई जायला निघाली होती, पण गेली नाही. तिनं शेजारचं स्टूल ओढलं आणि कंबर चोळत तिथंच बसली.